वाहून गेलेली पुळण कोणी भरायची?



पावसाळा सरला की किनाऱ्यावरच्या गावांत एक बोलणं हमखास कानावर येतं, "गेल्या साली पुळण पार तिथवर होती." मग कोणी सुरूच्या उघड्या पडलेल्या मुळांकडे बोट दाखवतं, तर कोणी बागेच्या खचलेल्या गडग्याकडे. मासळी वाळत घालायची जागा अरुंद झालेली असते. होडी वर ओढून ठेवायला जागा उरत नाही आणि रापण ओढणाऱ्यांचे पाय पाण्यात असतात. जो तो म्हणतो, "सरकारने काहीतरी करायला पाहिजे."

पण सरकार म्हणजे नेमकं कोण? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य की केंद्र? आणि खर्चात आपला, म्हणजे गावाचा, वाटा असावा का? आपण गटात बसतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो ना, की कोणी किती टाकायचे आणि कोणाला किती मिळणार? किनाऱ्यालाही हाच हिशोब लागू पडतो. जगात काही ठिकाणी लहान लहान गावांनी तो मांडून बघितला आहे. त्यातलं एक उदाहरण आज नीट समजून घेऊ आणि मग आपल्या किनाऱ्याकडे वळू.

आधी थोडं पुळणीविषयी

पुळण कधी एका जागी थांबत नाही. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात. पुढे समुद्र शांत झाला की त्यातली बरीच वाळू हळूहळू परत येते. हे देणंघेणं वर्षानुवर्षं चालू असतं. रुंद पुळण ही गावाची उशीच असते, लाटेचा जोर ती आपल्या अंगावर घेते. मागचे वाळूचे उंचवटे आणि त्यावरची मर्यादवेल ही तिची शिल्लक ठेव.

अडचण कधी येते? मोठं वादळ एका रात्रीत इतकी वाळू नेतं की ती परत यायला वर्षं लागतात. नदीवर धरण झालं किंवा खाडीतली वाळू उपसली की नवी वाळू येणं कमी होतं. आणि दगडी भिंत घातली की लाट भिंतीवर आपटून परत फिरताना पायथ्याची वाळूही घेऊन जाते. भिंतीमागचं घर वाचतं, पण भिंतीपुढची पुळण बारीक होत जाते. कधी कधी भिंत जिथे संपते तिथून पुढे शेजारच्या वाडीची धूप वाढते.

म्हणून काही देशांत भिंतीऐवजी वाळूच परत भरतात. समुद्रात आत उभं राहिलेलं जहाज तळाची वाळू शोषतं, मोठ्या पाइपातून ती किनाऱ्यावर आणतात आणि बुलडोझरने पसरतात. वाळू किनाऱ्याच्या मूळ वाळूशी जुळणारी लागते, नाहीतर टिकत नाही. जुळली तरी कायमची टिकत नाही, काही वर्षांनी पुन्हा भरावी लागते. थोडक्यात, हा खर्च एकदाचा नाही. घराच्या छपराची डागडुजी असते तसाच तो पुन्हा पुन्हा येणारा आहे.

नॅग्ज हेडने काय केलं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलायना राज्यात डेअर नावाचा जिल्हा आहे. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला वाळूच्या चिंचोळ्या बेटांची रांग आहे. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला खाडी. तिथलं नॅग्ज हेड हे गाव कायम राहणाऱ्या माणसांच्या हिशोबाने लहानच, सुमारे ३ हजार वस्तीचं. पण उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची रीघ लागते आणि गावाचं पोट त्यावरच चालतं.

या किनाऱ्यावर वादळं वारंवार येतात. पुळण खात खात समुद्र घरांच्या खांबांपर्यंत आला. केंद्र सरकारच्या मोठ्या प्रकल्पाची चर्चा कित्येक वर्षं चालली, पैसे काही येईनात. मग जिल्ह्याने विक्रीकर थोडा वाढवून त्यातून वाळू भरायचं ठरवलं. २००६ साली मतदारांनी तो कर मोठ्या बहुमताने उडवून लावला.

त्यांचं म्हणणं आपल्याला परकं वाटणार नाही. दुकानात मीठ-पीठ घेणाऱ्या प्रत्येकाने जादा पैसे द्यायचे आणि फायदा समुद्राला लागून बंगला असणाऱ्याला, हा कुठला न्याय? गटातही असंच होतं. सगळ्यांच्या बचतीतून एकीचंच काम झालं तर पुढच्या बैठकीला निम्म्या जणी येत नाहीत.

मग हिशोब वेगळ्या तऱ्हेने मांडला गेला. त्यात तीन वाटेकरी होते.

पहिला वाटेकरी पाहुणा. डेअर जिल्ह्यात हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात उतरणाऱ्याकडून मुक्कामाचा कर घेतात. त्या कराचा ठरावीक भाग फक्त किनाऱ्यासाठी वेगळा ठेवला जातो. जो पुळण बघायला येतो तोच पुळणीसाठी काही देऊन जातो.

दुसरा वाटेकरी समुद्राकडच्या पट्ट्यातला मालमत्ताधारक. त्यांच्या मालमत्तेवर जादा कर बसवला, कारण वाचणार ते आधी त्यांचं घर.

तिसरा वाटेकरी बाकीचं गाव. त्यांच्यावरही कर, पण खूप कमी. पुळण राहिली तर पर्यटक येणार आणि पर्यटक आले तर सगळ्यांचाच धंदा चालणार, म्हणून थोडा भार त्यांनीही उचलायचा.

२०११ साली काम झालं. सुमारे १६ किलोमीटर किनाऱ्यावर जवळपास ३५ लाख घनमीटर वाळू टाकली. आपल्या मापात सांगायचं तर साधारण १२ लाख ब्रास! खर्च आला सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर. त्यातला निम्मा जिल्ह्याच्या किनारा निधीतून आला आणि निम्मा नॅग्ज हेडने कर्ज काढून उभा केला. ते कर्ज वर सांगितलेल्या करांतून फेडायचं ठरलं. पहिल्या भरावासाठी ना केंद्राचा पैसा होता, ना राज्याचा.

पुढे २०१७ साली त्याच जिल्ह्यातल्या चार शेजारी गावांनी मिळून आपापल्या किनाऱ्यांचं काम एकत्र काढलं. वाळू शोषणारं जहाज आणि पाइप आणायचाच खर्च अफाट असतो. चार गावांनी ते चार वेळा आणायचं की एकदाच? आपण गटाच्या मसाल्यासाठी मिरची एकत्र घेतो, ती याच विचाराने.

शंभर रुपयांचा हिशोब

सगळीकडे गावावर एवढा भार पडत नाही. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात केंद्र, राज्य आणि गाव यांचे वाटे ठरलेले आहेत. केंद्राच्या नेहमीच्या किनारा प्रकल्पात पहिल्या भरावाच्या प्रत्येक १०० रुपयांमागे (ते डॉलर मोजतात, आपण रुपये मोजू) वाटे असे पडतात:

• केंद्र सरकार: ६५ रुपये
• राज्य सरकार: २६ रुपये २५ पैसे
• गाव किंवा नगर: ८ रुपये ७५ पैसे

काही वर्षांनी पुन्हा वाळू भरायची वेळ आली की केंद्राचा वाटा कमी होतो. तेव्हा केंद्र ५०, राज्य ३७ रुपये ५० पैसे आणि गाव १२ रुपये ५० पैसे. म्हणजे पहिल्यांदा आधार मोठा मिळतो, देखभालीला मात्र घरच्यांनी जास्त हात लावायचा. राज्य आपला वाटा देण्यासाठी दरवर्षी एक रक्कम बाजूला ठेवतं. ती घर-जमिनीच्या खरेदी-विक्रीवर मिळणाऱ्या शुल्कातून येते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅंडी वादळाने या किनाऱ्याची फार नासधूस केली. त्यानंतर रखडलेल्या बऱ्याच प्रकल्पांच्या पहिल्या बांधणीचा सगळा खर्च केंद्राने उचलला. पुढच्या देखभालीतला गावांचा वाटा मात्र सुटला नाही.

या पैशाला एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. सरकारी पैशाने भरलेल्या पुळणीवर सगळ्यांना जाता आलं पाहिजे. वाट हवी, गाडी लावायला जागा हवी. बंगलेवाल्याने कुंपण घालून पुळण स्वतःपुरती ठेवायची असेल तर त्याने सरकारी पैशाची आशा धरू नये.

तिथल्या हार्वी सीडर्स नावाच्या गावातला एक खटला तर गाजला. गावाने वादळापासून बचाव म्हणून घरांपुढे वाळूचा उंच बांध घातला. एका कुटुंबाने दावा लावला की आमच्या घरातून समुद्र दिसेनासा झाला, भरपाई द्या. खालच्या कोर्टात त्यांना ३ लाख ७५ हजार डॉलर मंजूर झाले. पण २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं की नुकसान मोजता तसा फायदाही मोजा, त्या बांधाने घराला संरक्षणही मिळालं आहे. शेवटी तडजोड झाली ती १ डॉलरवर.

नोंद ठेवली म्हणून मदत मिळाली

आता नॅग्ज हेडकडे परत येऊ, कारण खरा धडा पुढेच आहे. २०१६ साली मॅथ्यू वादळाने तिथली बरीच वाळू नेली. २०१९ मध्ये पुन्हा भरताना केंद्राच्या आपत्ती विभागाने खर्चाचा काही भाग दिला. पहिल्या वेळी ज्यांनी काहीच दिलं नव्हतं त्यांनी आता का दिलं?

कारण त्यांचा नियम असा आहे की निसर्गतः असलेली पुळण वाहून गेली तर भरपाई नाही. पण जी पुळण आराखडा करून बांधली आहे, जिची नियमित देखभाल चालू आहे, ती रस्त्या-पुलासारखी सार्वजनिक मालमत्ता धरली जाते. वादळाने तिचं नुकसान झालं तर मदत मिळते. मात्र वादळाआधी तिथे किती वाळू होती आणि नंतर किती उरली, हे मापाने दाखवावं लागतं. नॅग्ज हेडकडे ही मापं होती.

आपल्या गटालाही बँक आधी काय विचारते? वही दाखवा. बैठका नियमित आहेत का, बचत नियमित आहे का, परतफेड नियमित आहे का. पुळणीची वही म्हणजे तिची मापं.

ज्यांच्याकडे वाटा टाकायला काहीच नाही

या हिशोबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच डेअर जिल्ह्यात दक्षिणेकडे रोडॅन्थी नावाची वस्ती आहे. तिथे नगरपालिका नाही, कर देणारी मालमत्ताही कमी. तिथली धूप फार जोराची आहे. २०२२ पासून तिथली अनेक घरं एकामागून एक समुद्रात कोसळली. जिल्ह्याचं म्हणणं पडलं की तिथे वाळू भरण्याइतका पैसा किनारा निधीत नाही.

म्हणजे "ज्याचा वाटा त्याला लाभ" हा नियम ऐकायला सरळ वाटतो, पण तो तसाच लावला तर हॉटेलांची पुळण भरली जाईल आणि गरिबाची वाहून जाईल. गटात आपण काय करतो? जिला महिन्याचे १०० रुपये जड जातात तिला आपण बाहेर काढत नाही. तिचा वाटा लहान ठेवतो, पण सतरंजीवरची तिची जागा तीच राहते. किनाऱ्याच्या खर्चातही वरच्या सरकारचं काम हेच आहे. ज्या वाडीकडे द्यायला कमी आहे, तिथे वरून जास्त आलं पाहिजे.

आपल्याकडे पैसा कुठून येतो

आता आपला कोकण किनारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. सुरूची बनं, नारळ-सुपारीच्या बागा, घरांची छपरं, काय काय गेलं ते तुम्हाला मी सांगायला नको. राज्याच्या किनाऱ्याचा साधारण चौथा भाग धुपतो आहे, असं केंद्राच्या किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासातून दाखवलं आहे.

आपल्याकडे नॅग्ज हेडसारखा वाटेकऱ्यांचा ठरलेला हिशोब नाही. पैशाच्या वाटा साधारण अशा आहेत:

राज्य आपत्ती निधी. यात महाराष्ट्रासाठी १०० रुपयांपैकी ७५ केंद्राचे आणि २५ राज्याचे असतात. त्यातले ८० टक्के आपत्तीनंतरच्या मदतीसाठी, तर २० टक्के नुकसान होऊ नये म्हणून आधी करायच्या कामांसाठी. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ आणि पूर आहेत, पण हळूहळू होणारी किनाऱ्याची धूप या यादीत नाही. म्हणून वादळात गेलेल्याचा पंचनामा होतो आणि दरसाल हातभर सरकत गेलेली जमीन कोणाच्या कागदावर येत नाही. राज्याला स्थानिक आपत्तीसाठी या निधीचा १० टक्क्यांपर्यंत भाग वापरता येतो, पण त्यासाठी ती आपत्ती राज्याने तशी जाहीर करावी लागते.

राष्ट्रीय निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याच्या कामांना देशभर मिळून १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. यात समुद्राची आणि नदीची, दोन्ही धूप येते. प्रस्ताव राज्याकडून जावा लागतो. गावाची नोंदच नसेल तर प्रस्तावात गावाचं नाव येणार कुठून?

ग्रामपंचायत. वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत आला आहे. पण २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. उरलेल्यातून काही कोटींचा बंधारा होणार नाही हे उघड आहे. पण मर्यादवेल, केवडा लावणं, वाळूचे उंचवटे राखणं, पुळणीवरून गाड्या फिरू न देणं, दरवर्षी माप घेणं ही कामं गावाच्या आवाक्यातली आहेत. यात बराचसा खर्च हातांचाच असतो. आणि एक काम तर फुकटात होतं, ते म्हणजे पुळणीवरची वाळू उचलू न देणं. सीआरझेडच्या नियमांत त्याला मनाई आहेच.

जहाजाने वाळू भरणं हे आपल्याकडच्या प्रत्येक गावाला जमेल किंवा शोभेल असं नाही. कोकणातल्या बऱ्याच पुळणी दोन डोंगरांच्या मधल्या, खाडीच्या तोंडाजवळच्या. एकीकडे काही केलं की त्याचा परिणाम दुसरीकडे दिसतो. म्हणून शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी एकत्र बसून बोलणं गरजेचं आहे. एकीने भिंत घालायची आणि दुसरीने वाळू गमवायची, असं होता कामा नये.

महिला ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदाच आहे. पुढच्या सभेत हे प्रश्न मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा:

१. आपल्या किनाऱ्याच्या धुपीची नोंद ग्रामपंचायतीकडे आहे का? तलाठ्याकडे, तहसील कार्यालयात आहे का?
२. बंधारा मंजूर असेल तर तो कोणत्या निधीतून, किती लांबीचा आणि कुठून कुठवर? जिथे तो संपतो तिथल्या वाडीचं काय?
३. बंधाऱ्यातून होड्या वर घ्यायला आणि बायकांना पुळणीवर उतरायला वाट ठेवली आहे का? मासळी वाळवायच्या जागेचा विचार झाला आहे का?
४. पाच वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? त्याचा पैसा कोणाच्या अंदाजपत्रकात आहे?
५. पर्यटकांच्या गाड्यांकडून किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडून ग्रामपंचायतीला जे मिळतं, त्यातला ठरावीक भाग किनाऱ्यासाठी वेगळा ठेवता येईल का?
६. किनारा राखण्याचं काम ग्रामसंघ जो मागणी आराखडा ग्रामपंचायतीला देतो त्यात आणि गावाच्या विकास आराखड्यात आलं आहे का?

पुळणीची वही कशी ठेवायची

यासाठी इंजिनिअर लागत नाही. न हलणारी एक खूण निवडा, विहिरीचा कठडा, देवळाची पायरी किंवा दगडी कुंपणाचा कोपरा. तिथपासून उधाणाच्या पाण्याच्या रेषेपर्यंत दोरीने किंवा टेपने माप घ्या. वर्षातून दोन वेळा घ्या, एकदा पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर. दरवेळी पौर्णिमेला किंवा अमावास्येला, म्हणजे तुलना बरोबर होते. तारीख, माप, माप घेणाऱ्या दोघींची नावं आणि त्याच जागेवरून काढलेला मोबाइलवरचा फोटो, एवढं वहीत राहू द्या. वादळ येऊन गेलं तर दोन-चार दिवसांत आणखी एक माप घ्या. या वहीची प्रत दरसाल ग्रामपंचायतीत आवक क्रमांक घेऊन जमा करा.

पहिल्या वर्षी ग्रामसेवक म्हणतील, "याचं काय करू?" तिसऱ्या वर्षी हीच वही घेऊन ते तालुक्याला जातील.

नॅग्ज हेडच्या लोकांना आधी एक कर नाकारावा लागला, मग दुसरा हिशोब मांडावा लागला, आणि मग कुठे वाळू पडली. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही. पण वादळाच्या आधी निधी बाजूला ठेवणं, वाटा झेपेल तसा आणि फायदा होईल तसा ठरवणं, आणि वही चोख ठेवणं, हे तर आपण गटात दर महिन्याला करतोच. ज्या घरातल्या बाईचा गटात वाटा असतो तिला बैठकीत बोलायचा हक्क असतो. किनाऱ्याच्या कामात गावाचा वाटा भले शंभरातले आठ रुपये असो, नाहीतर फक्त श्रमाचा आणि नोंदीचा असो. तो वाटा टाकला की भिंत कुठे घालायची, वाट कुठे ठेवायची, हे ठरवताना गावाला, आणि गावातल्या बायांना, विचारावंच लागेल.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला किनाऱ्यावरच्या गावांतल्या ग्रामसंघांनी आपली पहिली मापं घेऊन यावीत. येताना शेजारच्या गावच्या अध्यक्षताईंशीही एकदा बोलून या. समुद्र काही ग्रामपंचायतीची हद्द बघून आत येत नाही.